यतिनचा कोंडा

नाही, मला सांगा, भाताचा कोंडा कोण खातं? आं? म्हैस खाते! आजऱ्याजवळच्या आमच्या खेड्यात लहानपणी मी रोज घमेलंभर कोंडा म्हशीपुढे ठेवलाय, पण खाऊन तिने कधी 'अप्रतिम' वगैरे म्हटल्याचं मला आठवत नाही... पण आमचा यतिन! इथे परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात आमच्यापासून चार घरं सोडून राहतो, जपानला जाऊन आला आणि तेव्हापासून आम्हाला जगणं मुश्कील! टोकियो नाही हां, टोकियोला काय, सगळेच जातात, हा गेला कुठल्याशा डोंगरातल्या गावात. "अकरा घरं रे पद्माकर, दिवसातून एकच बस, टोटली अनएक्सप्लोर्ड!" अहो, आमच्या गावालाही दिवसातून एकच एसटी येते, त्याला अनएक्सप्लोर्ड नाही म्हणत कोणी, मागास म्हणतात!

आणि तिथून शिकून काय आला? लोणचं. कशातलं? कोंड्यातलं! कोंडा हो, कोंडा! तो ओला करायचा, मीठ घालायचं आणि त्यात काकड्या नि मुळे पुरायचे. त्यासाठी लाकडी पिंप मागवलं, कारागिराने हातानं घडवलेलं, "एकही खिळा नाही!" हे तो अशा आवाजात सांगतो, जसे काही बाकीचे आम्ही खिळे चावत लोणची खातोय.

तर तुम्हाला सांगतो, हा पठ्ठ्या कामासाठी तीन आठवडे डार्विनला गेला आणि पिंप आमच्या किचनमध्ये! कारण तो कोंडा रोज ढवळावा लागतो, तोही चमच्याने नाही, ग्लोव्ह घालून नाही, उघड्या हाताने, कोपरापर्यंत! "हाताची चव उतरते त्यात," इति यतिन. आमची बायको चित्रलेखा लगेच, "नो वरीज यतिन, पद्माकर करेल ना!" का? तर परत आला की तो सगळ्यांना हे लोणचं खायला बोलावणार, आणि सगळ्यांना आवडलं की त्या गावाची ट्रिप ठरणार. आणि मी दोन वर्षं साठवलेली चार आठवड्यांची रजा, गावी आईकडे जायला ठेवलेली, ती जाणार त्या अकरा घरांत! म्हणजे ज्या लोणच्यापायी माझी रजा बुडणार, ते ढवळायचंही मीच!

ढवळलं. रोज. कामावर आमच्या वेअरहाऊसमधला फोर्कलिफ्टवाला माझ्या हाताच्या वासाने नाक धरून विचारतो, "मेट, यू ओके?" काय सांगू त्याला? कोंडा हो, कोंडा!

नवव्या दिवशी एक काकडी चाखली. खारट, आंबट, आणि पुढे काही नाहीच! डोकंच फिरलं. अरे, लोणचं म्हणता आणि फोडणी नाही? कढल्यात तेल तापवलं, मोहरी, मेथी, भरपूर हिंग, अगदी आई करते तशी, गार केली, दाणे गाळून टाकले आणि दिली ओतून! हळद नाही घातली, रंगावरून पकडला गेलो असतो. म्हटलं होऊ दे सत्यानाश, रजा तर वाचेल!

यतिन आला. शनिवारी सोळा माणसं जमवली. काकडीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले... मी हळूच दाराकडे सरकलो... आणि हा म्हणतो, "हीच! एक्झॅक्टली हीच त्या गावची चव! जगात दुसरीकडे मिळणार नाही!" सगळे माना डोलावतायत! मी न राहवून ओरडलो, "अरे फोडणी आहे ती! हिंग आहे!" तर यतिन माझ्या खांद्यावर हात ठेवून, "पद्माकर, तुला नाही कळायचं. हे सटल असतं रे." आणि चित्रलेखा माझ्या कानाशी, "गप बस, लोक हसतील!"

झालं! एप्रिलची तिकिटं काढली. माझी रजा घालवून, माझ्याच आईची फोडणी शोधायला मी चाललोय जपानला! कशासाठी? कोंडा हो, कोंडा!

काल आईला फोन केला. म्हटलं, यंदा जमत नाही गं, असं असं लोणचं आहे, ते खायला जायचंय. ती म्हणाली, "जाऊन ये बाळा. आणि एवढं चांगलं असतं, तर कसं घालतात तेवढं नीट विचारून ये माझ्यासाठी."

विचारतो म्हटलं.