दुहेरी चिऱ्याची भिंत आणि एक वायर

मंडळी, आज एक साधा प्रश्न विचारतो. घरात इंटरनेट घ्यायचं, तर वायरचं घ्यावं की वायरलेस? — हसू नका! पेटीवाले काका, तुम्ही तर मुळीच हसू नका, मघाशी नमनाच्या वेळी फोन कोणाचा वाजला ते सगळ्या सभामंडपाने ऐकलंय. तुम्ही म्हणाल, बुवा, ब्रह्म सांगा, माया सांगा, देवाच्या दारात हे काय काढलंत? अहो, तेच सांगतोय! जिवाने कोणाशी बांधून घ्यावं की मोकळं राहावं, हाच तो जुना प्रश्न. फक्त आज तो घाटाखालच्या एका गावात, रमाकांत शेट्ये नावाच्या माणसाच्या घरात शिरलाय.

तर ऐका. रमाकांत निवृत्त मास्तर. बायको देवाघरी गेलेली, एकुलती लेक मीनल नोकरीसाठी नॉर्वेला. घरात खुर्च्या सहा आणि बसणारा एक! रोज दिवेलागणीला देवापुढे उभं राहायचं. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात घंटी. मग टाळ कोण वाजवणार? टाळ खुंटीला टांगलेले. आरती स्वतःच म्हणायची, स्वतःच ऐकायची, आणि प्रसादही स्वतःच्याच हातावर ठेवायचा.

गावात मोबाईलची रेंज यायची ती देवळाच्या वरच्या पायरीवर. तिथे गुडघे चढेनात. मीनल म्हणाली, बाबा, घरी नेट घ्या, रोज बोलू. म्हणून नेटवाला सुहेल आला. त्याने खांबावरचा डबा उघडून पाहिला आणि मान हलवली. डब्यात जागा नाही. शेवटची जोडणी गेली ती शेजारच्या घरी.

आता हा शेजारी कोण? जयवंत. रमाकांतचा पाठचा, सख्खा धाकटा भाऊ! घर एकच, मधे भिंत. सुहेलने पलीकडे जाऊन विचारलं, तुमच्यातूनच दादांना नेट देऊ का? जयवंत एवढंच म्हणाला — दे. सुहेल परत येऊन सांगू लागला, की भिंतीला भोक पाडून वायर आणता येईल, नाहीतर वायरलेस. पासवर्ड टाकला की काम झालं.

“भिंतीला हात लावायचा नाही,” रमाकांत म्हणाला.

का? ती भिंत कशी उभी राहिली ते ऐका. जयवंत तेव्हा एसटीत ड्रायव्हर. एका गणेश चतुर्थीला त्याची गाडी घाटात अडकली. घरातले म्हणत होते, थोडं थांबू, तो येईल. रमाकांत म्हणाला, देव कोणासाठी थांबत नाही. आणि आरती करून मोकळा! जयवंत पोहोचला तेव्हा ताटं उचलली जात होती. हातात जास्वंदीचा हार, अंगावर खाकी. त्याने हार ओटीवर ठेवला आणि म्हणाला, “म्हणजे मी नसलो तरी आरती होते.”

मंडळी, देव थांबत नाही हे खरं आहे का हो? तो तर थांबूनच आहे! घाई आपल्याला असते. पण वाक्य तोंडातून सुटलं की सुटलं. दिवाळीच्या आत घराची वाटणी. रमाकांतने गवंड्याला बजावलं, भिंत दुहेरी चिऱ्याची घाल, पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येता कामा नये. जांभ्याचा चिरा तो, त्याने हुकूम पाळला. अकरा वर्षं पाळला.

आणि आता त्याच भिंतीतून रमाकांतला नेट हवं होतं, तेही वायरलेस, स्वतः न विचारता, कोणाचं तोंड न बघता!

पहिल्या दिवशी मीनलचा फोन आला. “बाबा, ऐकू—” “येतंय, येतंय.” मग चित्र थिजलं. लेकीचा अर्धा चेहरा पडद्यावर, तोंड उघडं, शब्द नाही. रोज हेच. बापलेकीचं सगळं बोलणं म्हणजे, ऐकू येतंय का, आणि येतंय. शेवटी एकदा ती म्हणाली, की आता रविवारीच फोन करते, चालेल ना? रमाकांत म्हणाला, चालेल. मंडळी, हे ‘चालेल’ म्हणजे म्हाताऱ्या माणसांची सगळ्यात मोठी थाप. काहीसुद्धा चालत नसतं!

मधल्या दिवसांत तो घरभर फोन घेऊन हिंडायचा. सिग्नलच्या रेघा कुठे वाढायच्या? त्या भिंतीपाशी. भिंतीला कपाळ टेकून उभं राहिलं तर एखादी जास्त. असाच एका संध्याकाळी उभा असताना त्याला वाटलं, पलीकडेही घर सुनंच असणार. जयवंतची बायको पुण्याला नातवाकडे, मुलगेही तिकडेच. दोन म्हातारे, एक भिंत. त्याला फार एकटं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने सुहेलला बोलावलं.

सुहेलने भोक पाडलं. म्हणाला, “हे एकट्याने होत नाही, दादा. मी खांबावर जातो. ते तिकडून सारतील, तुम्ही इकडून धरा.” आणि तो निघून गेला.

रमाकांत भोकापाशी बसला. लाल भुगा पडला, मग वायरीचं टोक दिसलं, आणि अडलं.

“आली का?”

आवाज भोकातून आला. रमाकांतने टोकावरचा लाल भुगा पुसला.

“दादा, आली का?”

“आली.”

“मग ओढ की.”

ओढली. संध्याकाळी मीनलचा चेहरा लख्ख, आवाज लख्ख. जेवलीस का? जेवले, तुम्ही? व्हायचंय. आणि बोलणं संपलं! इतके दिवस तुटणाऱ्या आवाजावर खापर फोडलं होतं. आता आवाज तुटत नव्हता, आणि बोलायला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात भोकातून खोकला आला.

मीनल म्हणाली, “बाबा, कोण खोकलं? काका?”

“हो. पलीकडे आहे.”

“विचारा ना त्यांना, कधीपासून खोकताहेत.”

फोन ठेवला. भोक बुजवायला सुहेल देऊन गेलेलं सिमेंट तसंच कोपऱ्यात पडलेलं. रमाकांतने निरांजन लावलं, घंटी उचलली, आणि परत खाली ठेवली. भिंतीपाशी वाकून म्हणाला, “जयवंता, आरतीला थांबलोय.”

पलीकडचा खोकला थांबला. वात जळत होती, तूप खाली चाललं होतं. रमाकांत उभाच. जन्मात पहिल्यांदा तो कोणासाठी तरी थांबला होता, आणि थांबणं किती जड असतं ते त्याला कळत होतं.

मग अंगणात चपला वाजल्या. जयवंत आत आला. खुंटीवरचे टाळ काढले. दोरी कुजली होती, हातात तुटली. त्याने टाळ तसेच बोटांत धरले.

आता तुम्ही सांगा, वायर की वायरलेस? वायरलेस खुशाल घ्या हो! पण ज्याला पलीकडून कोणी धरायला लागतं, त्याची लाज बाळगू नका. आणि तुमच्या घरची कुठली आरती कोणासाठी न थांबता झाली, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मी नाव विचारत नाही.

चला, आपलीही आरतीची वेळ झाली. उठा — पण काका, पेटी अजून वाजवू नका. मागे दाराशी कोणीतरी चपला काढतंय. येऊ द्या त्यांना पुढे. या, या. थांबलोय.