मधली जागा

(जॉर्जियातल्या एका कॉलेजची, जुन्या वस्तू जपायची थंडगार खोली. टेबलावर काचेच्या चौकटीत एका घराण्यातल्या गेलेल्या माणसांच्या केसांची फुलं करून गुंफलेला हार, घोड्याच्या नालासारखा. शेजारी लेटीने आणलेला केक. समोर बार्क्सडेल घराण्यातली शेवटची, म्हातारी लेटी. तिला सांभाळणारी ओडेसा. आणि संग्रहाची देखरेख करणारा टल.)

लेटी : हा आमचा नाही.

टल : तुमचाच आहे, मॅडम. अटलांटाहून साफसूफ होऊन गेल्याच आठवड्यात आला.

लेटी : मग मध्ये हे पांढरे कुणाचे?

टल : जजसाहेबांचे. तुमच्या पणजोबांचे.

लेटी : ते डावीकडे असतात, सगळ्यांत खालचं फूल. मध्ये माझी विनी होती.

ओडेसा : आधी बसा बघू, मिस लेटी. मिस्टर टल, खुर्ची द्या ना त्यांना. केक कुठे पळून जात नाही.

टल : बसा, बसा. विनी म्हणजे...?

ओडेसा : यांची मुलगी. एकुलती एक. कॅन्सरने नेली.

लेटी : आमच्यात रीत होती. शेवटचा जो गेला त्याचे केस मध्ये. पुढचा गेला की आधीचा बाजूला सरकायचा, आपल्या माणसांत जाऊन बसायचा. जज गेले आणि ती रीतही गेली. मी विनीसाठी पुन्हा धरली. जजांना बाजूला सरकवलं, तिला मध्ये ठेवलं. ती तिथे माझी वाट बघत होती.

टल : एक छोटा झुबका होता खरा. तपकिरी, बोटभर. नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेला.

ओडेसा : तो मी बांधला. रेशीम काही बोटांत ठरेना त्या दिवशी. मग माझ्या नवऱ्याचा मासे धरायचा दोरा घेतला.

टल : त्या दोऱ्यामुळेच... मॅडम, हा संग्रह एकोणिसाव्या शतकाचा. मागाहून कुणी काही जोडलं असेल तर ते काढायचं आणि वस्तू होती तशी करायची, अशी पद्धत आहे. जजसाहेबांच्या जागेची खूण कापडावर होती, म्हणून त्यांना परत मध्ये आणलं.

लेटी : आणि काढलं ते?

टल : केक फारच सुरेख झालाय, मॅडम. यातले पेकानचे दाणे घरच्याच झाडाचे का?

ओडेसा : ताकाला जाऊन भांडं लपवू नका. त्यांनी काय विचारलं?

टल : ते ठेवत नाहीत.

लेटी : ठेवत नाहीत म्हणजे?

टल : टाकून देतात, मॅडम. मला माहीत असतं तर मी हात लावू दिला नसता, देवाशपथ. पण तुम्ही वस्तू दिल्या तेव्हा काही सांगितलं नव्हतंत.

लेटी : आईने सांगावं लागतं?

टल : (चौकट तिच्याजवळ सरकवतो.)

लेटी : जजांची अक्कलदाढ आहे ना डबीत?

टल : आहे.

लेटी : धोब्याच्या पावत्या?

टल : आहेत.

ओडेसा : आमच्या खापरपणज्यांची नावंही आहेत. जजांच्या घरच्या मालमत्तेच्या यादीत, बैलांच्या खाली, गुलाम म्हणून लिहिलेली. मघाशीच बघितली, काय छान पुठ्ठ्यात घालून ठेवलीत.

टल : फार मोलाचा कागद आहे तो.

ओडेसा : असणारच. तेव्हाही मोल लिहूनच ठेवलं होतं.

लेटी : मिस्टर टल, माझ्यामागे घर विकलं जाणार. नवे लोक येतील, भिंतीवरचं काढतील आणि विनीला कचऱ्यात फेकतील. रात्र रात्र झोप लागायची नाही या धास्तीने. म्हणून तर तुम्हाला दिली मी ती.

टल : मला माफ करा, मॅडम. काही करता येण्यासारखं असतं ना...

लेटी : मी गेल्यावर माझे केस लावाल मध्ये?

टल : या संग्रहात आता भर घालता येत नाही.

ओडेसा : चला, मिस लेटी. घरी जाऊ.

लेटी : थांब गं. त्या कपाटात बघ, चांदीचा ब्रश. आजीचा. विनीने शेवटपर्यंत तोच वापरला. औषधांनी गेलेले केस पुन्हा चार उगवले तर लगेच मागून घेतला होता. मिस्टर टल, काढा ना जरा. एखादा तरी असेल त्यात.

टल : हा घ्या. हातमोजे राहू द्या, असाच धरा.

लेटी : माझ्या डोळ्यांना नाही दिसत. ओडेसा, तू बघ. दिव्याखाली धर.

ओडेसा : मिस लेटी...

लेटी : मुळाशी बघ, मुळाशी. तिथे अडकतात.

ओडेसा : मी धुतला होता तो. इथे पाठवायच्या आधी. तुम्हीच म्हणालात, चार लोकांत जाणारी वस्तू आहे, घासूनपुसून दे.