नव्या गाडीला खत

(लोहगडवाडीचा चढ. निलेशची नवी कोरी फोर बाय फोर मधेच थांबलेली. त्याचे वडील गेणूआबा आपली जुनी जीप घेऊन मदतीला आलेत.)

निलेश : आबा, हसू नका. आधीच सांगून ठेवतो.

गेणू : मी कुटं हसतोय? तोंडच तसलं हाय माजं.

निलेश : मिशीआड हसताय. पहिलीच ट्रिप, पाच पॅसेंजर आत, आणि इंजिन बंद. तुमची बंद करा जरा, ऐकू येत नाही काही.

गेणू : बंद केली तर तुलाच ढकलावी लागंल. र्‍हाऊ दे चालू. बॉनेट उघड. माज्या जीपला पक्कड आन् तार, दोन जिनसांत काम व्हतं.

निलेश : तुमची जीप गुराखीसुद्धा दुरुस्त करील. ह्यात सेन्सर आहेत, कॉम्प्युटर आहे. धूर बघा, दिसतो का? तुमची चालली की मागचं गाव दिसत नाही.

गेणू : म्हून तर मागचा कुनी हॉर्न मारत न्हाई.

निलेश : सोमवारी भंगारवाला तिला घेऊन गेला की बघू. शेडमध्ये एकच गाडी मावते, ठरलंय आपलं.

गेणू : ठरलंय की. मी कुटं न्हाई म्हनलं? तुजा पडदा काय म्हनतोय ते वाच.

निलेश : धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं ना, त्यात भेसळ आहे म्हणतोय. काल टाकी कमी दाखवत होती, सकाळी फुल्ल. आणि डबा तर मी अजून आणलाच नाही... आबा? तिकडं काय बघताय?

गेणू : काय न्हाई. डोंगुर.

निलेश : आबा!

गेणू : आरं, पडद्यावर युरिया पायजे म्हून आलं व्हतं. शेजारच्या पिंकीनं वाचून दावलं. घरात भाताला टाकायच्या युरियाची गोनी हायेच. किलोभर बादलीत इरगळला, फडक्यातनं गाळलाबी.

निलेश : माझ्या गाडीला खत घातलंत?

गेणू : हात राखूनच घातला.

निलेश : गाडीचा वेगळा असतो, शुद्ध केलेला! पण मला कळत नाही का? मुद्दाम केलंत. माझी बंद पडली की तुमची वाचली.

गेणू : मुद्दाम करायचं असतं तर डिझेलात साखर वतली असती. इंजिन बिघडवन्यात माजा हात कोन धरनार?

निलेश : मग कशाला घातलंत?

गेणू : न्हाई घातला तर गाडी चालू व्हनार न्हाई, असं लिवलं व्हतं. तुजी पयली खेप. लोकांम्होरं तुजी फजिती नगं. आन् जीपचं काय, सकाळी पुसताना तिला सांगून टाकलंय मी.

निलेश : काय सांगितलंत?

गेणू : की पोरगं आता मार्गाला लागलं. तू जा.

निलेश : (खिशातून फोन काढतो.)

गेणू : चल, मान्सं माज्या गाडीत बशीव, तुजी साखळीनं वडत नेऊ. फोन कुनाला लावतोस मधीच?

निलेश : हॅलो, कैलासभाऊ? लोहगडवाडीचा निलेश. सोमवारी येऊ नका... नाही, भाव बरोबर होता... दुसऱ्या कुणाला नाही दिली. द्यायचीच नाही आता.

गेणू : आरं, मंग शेडात कुटली लावनार?

निलेश : माझी राहील रस्त्याकडेला. तुमची आत लावा, तिला थंडीत सुरू व्हायला त्रास होतो.