शालीतलं पिल्लू

अहो सुशीलाबाई, मासा नाही तो — सील! मीही मासाच म्हणायचे, तर अभिनव वैतागायचा. अंगावर पाजतात म्हणे पिल्लांना. बघा ना, संकोच कसला — मुलीची आई तुम्ही, होणाऱ्या जावयाचा छंद नको कळायला? कॅलिफोर्नियाला कंपनीनं पाठवलं होतं ना, तेव्हाचे हे फोटो. दर रविवारी समुद्रावर, वाळूत पालथा पडून, लांबून — हो, लांबूनच, जवळ जाऊ नका अशी पाटीच होती तिथं. इथं खडकवासल्याला कणीस खायला चल म्हटलं तर कंटाळा यायचा त्याला!

ही शाल होय? माझीच. मीच विणलेली. आत पिल्लू आहे — म्हणजे झालं काय, किनाऱ्यावर एकटंच पडलं होतं ते, कितीतरी वेळ. यानं तिथल्या बूथवरून मला फोन लावला — आई, रडतंय गं, काय करू? आणि मला ऐकू येत होतं हो! तान्ह्या बाळासारखं, मा-मा करत. मग मी काय सांगणार? तुम्ही काय सांगितलं असतं? अरे, गारठलं असेल, शाल घाल, जवळ घेऊन बस. बसला. कधी नव्हे ते माझं ऐकलं. त्याची आई कुठं होती? पोटासाठी गेली होती, समुद्रात. पिल्लू ठेवून जातातच त्या, आणि परत येतात. आलीही. पाण्यातून डोकं काढून बघत राहिली — हा बघा, हा तिचा फोटो — पिल्लाजवळ माणूस दिसला, मागं फिरली, ती पुन्हा आलीच नाही. पुढची पानं नका उलटू. चौथ्या दिवशी पिल्लू गेलं.

मघाशी मंदीत त्याची नोकरी गेली म्हटलं ना मी, ते आपलं सांगायला. नोकरी त्यानंच सोडली. वागायला चांगला आहे हो, अगदी शांत. माझ्याशीही बोलतो — भात वाढ, दिवा घालव. फक्त 'आई' म्हणत नाही. दोन वर्षं झाली. रागावला असता तर भांडले असते मी. फोन वाजला की अजून तेच रडणं येतं माझ्या कानात, मी उचलतच नाही. म्हटलं, सून आली, ती मला आई म्हणायला लागली, तर ऐकून ऐकून याच्याही तोंडी — बघा, कशासाठी मागत होते मी तुमची उत्कर्षा!

ही तिची पत्रिका घ्या परत. नाही, घ्याच. कोणी विचारलं तर सांगा, गुण जुळले नाहीत. या आता.