परशुरामाच्या हातचा नारळ

नाही म्हणजे नाही, गुरुजी — शनिवारच्या नारळफेकीला मी येणार नाही आणि परशुरामाच्या हातचा नारळ तर मुळीच घेणार नाही! तुम्ही बसा हो, गाडीला वेळ आहे. रागवू नका, राग तुमच्यावर नाही. तुम्ही परमुलखातले, बदली होऊन त्याच्या गावात आलात, त्याने सांगितलं गंगारामाला समजावा, तुम्ही आलात. स्वतः का नाही आला तो? होडीवाला ना — वालावलीच्या खाडीत दिवसाला शंभर माणसं इकडून तिकडे नेतो, कसालच्या बाजारात माझ्या दुकानापर्यंत यायला त्याचे पाय मोडले? तोंड नाही दाखवायला, दुसरं काय!

तुम्हाला आमचा खेळ माहीत नाही, म्हणून तुम्हाला ही गोष्ट बारीक वाटते. ऐका. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कापलेल्या मळ्यात आम्ही सोललेला नारळ फेकतो. कुणाचा लांब जातो — बस, एवढंच. आख्ख्या मुलुखात फेकणारे आम्ही आठ. आठच! दोघादोघांच्या जोड्या, आणि रीत अशी की आपला नारळ आपण आणायचाच नाही. तुझा नारळ मी आणणार, माझा तू. दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि फेकायचा. कानाशी धरून पाणी वाजवून बघायचं नाही. का? अहो, वाजवून बघितलात म्हणजे समोरच्याला तोंडावर लबाड म्हटलंत! मग ते आठही नारळ फोडायचे, खोबरं खवून गुळात कालवायचं आणि एकाच पानात आठजणांनी खायचं. जिंकलेल्यानं आणि हरलेल्यानं एका पानात — असं कुठे बघितलंत?

परशुराम माझा जोडीदार. बारा वर्षं. छप्पन साली माझा खांदा उखडला तेव्हा हा रोज संध्याकाळी होडी बांधून यायचा, तेल चोळायला. माझी बायको नर्मदा म्हणायची, भाऊ असता तरी त्याने एवढं केलं नसतं. आणि कशाला चोळत होता? तर पुढच्या साली मी त्यालाच हरवावं म्हणून! हरवलंच. सहा वर्षं ओळीनं हरवलं, आणि सहाही वेळा माझ्याआधी हाच नाचला. असा माणूस!

आणि त्याच माणसाने गेल्याच्या गेल्या जत्रेला माझा गळा कापला. नारळ हातात आला तेव्हाच हलका लागला. मन म्हणालं, गंगाराम, जरा वाजवून बघ. मी! पंचवीस वर्षं नारळाचा धंदा करतो, झोपेतसुद्धा ओळखीन — पण नाही वाजवला. कपाळाला लावला आणि फेकला. आणि तो गेला कुठे? जेमतेम चाळीस हात! पडल्यावर दोन भकलं झाली, आत पाण्याचा थेंब नाही, काळं खोबरं, आणि वास असा की पोरंसोरं नाक धरून पळाली. सगळी जत्रा हसली. 'नारळवाल्यान कुसलेलो नारळ फेकलो रे!' — अजून बाजारात ऐकतो मी. आणि परशुराम? खाली मान घालून उभा. चुकलो म्हणाला नाही, की माका ठाऊक नव्हता म्हणाला नाही. त्याच पानावर उरलेल्या सहाजणांना मी सांगितलं, ह्याच्या हातचा नारळ जो घेईल त्याने माझ्याशी बोलू नये. कुणी घेतला नाही. गेल्या जत्रेत कुंपणापाशी उभा राहून बघत होता म्हणे. बघू दे! मला वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, वाटत नाही असं कोण म्हणतो — पण त्याने तरी असं का करावं?

काय? त्याच्या घरचा नव्हता? सगळे घरच्याच माडाचा आणतात, गुरुजी. हो, त्याचा माड त्या साली वाऱ्याने पडला खरा. मग विकत घेतला असेल, म्हणून काय झालं? विकत घेताना तर वाजवून बघायचा ना! कुणी भामट्याने त्याच्या गळ्यात मारला असेल आणि —

कुणाकडून?

छे. उगाच काहीतरी. माझ्याकडून कसा? अहो, माझे नारळ दोन ढिगांत असतात — हा उजवीकडचा गाववाल्यांचा, आणि तो डावीकडचा गाडीतल्या उतारूंचा, ते थोडेच परत येतात भांडायला — हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? सगळेच दुकानदार करतात. जत्रेच्या आदल्या दिवशी दोन गाड्या एकदम लागल्या होत्या, ही गर्दी. मागून कोणीतरी म्हणालं, 'एक बरोसो नारळ दी रे.' मी मान वर केली नाही. डावा हात गेला आणि दिला. कोण होतं मला काय ठाऊक!

आवाज? आवाज ओळखला होता. परशाच तो. वाटलं, घरी चटणीला नेत असेल, आपलाच माणूस, खराब निघाला तरी कुरकुर करायचा नाही. गर्दीत चांगला नारळ कशाला मोडा. आपल्याच माणसाला काय हो —

मग बोलला का नाही तो? दोन वर्षं! मळ्यात सगळ्यांच्या देखत एक शब्द बोलला असता, 'ह्यो ह्याच्याच दुकानातलो,' तर — तर माझं दुकान राहिलं नसतं, ते कळतंय मला. पण वाजवून तरी बघायचा होता की नाही त्याने? विचारलंत तुम्ही? काय म्हणाला?

'गंगारामाच्या दुकानातलो नारळ कानाक लावून कसो बघू?'

असं म्हणाला.

उठा गुरुजी. तुमची गाडी लागली. त्याला सांगा — नको, काही सांगू नका. मी बोललो ते कुणालाच सांगू नका. जावा तुम्ही, गाडी सुटेल.