बेचाळीस नंबरचा शर्ट

जबाब देणारीचे नाव: अर्जावर आहे तेच. घरी आणि गल्लीत मला बेबी म्हणतात. वय: ४४ वर्षे पूर्ण. व्यवसाय: आधी 'घरकाम' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'कपड्यांचे दुकान, स्वतःचे' असे केले. राहणार: थोरल्या भावाच्या घरी, वरची खोली. लग्न झालेले नाही. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मी आज दुपारी बारा वाजता ठाण्यात स्वतःच्या पायाने आले आहे, मला कोणी धरून आणलेले नाही. समोर बसून विचारल्यावरून सांगते की, मी एकवीस वर्षे तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टाला बाह्या जोडण्याचे काम केले. दुसरे काम केले नाही. कॉलरवाली वेगळी, काजवाली वेगळी, मी बाह्यांवर. तीन महिन्यांपूर्वी बिनपगारी रजा घेतली आणि आठ बाय दहाचा गाळा भाड्याने घेऊन दुकान टाकले. तिथे पूर्वी किल्ल्या करणारा बसायचा. भिंतीला खिळ्यांची शेकडो भोके होती, ती मी बुजवली, रंग मी दिला. कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा केली. आरसा माझ्या कपाटाच्या दाराचा काढून लावला.

दुकान काढायला माझा भाऊ, म्हणजे दादा, याने आधीच नाक मुरडले होते. म्हणाला, "बेबी, नोकरी निवांत चालली होती की. हे कुठलं खूळ डोक्यात घेतलंस?" दादाचा फर्निचरचा कारखाना आहे. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला असल्याने माझे तिथे जाणे नव्हते आणि तिथली माणसे मला ओळखीची नव्हती. हे लिहून घ्यावे, पुढे लागेल.

पहिले अकरा दिवस मी माश्या मारत बसले. आत आले ते सगळे किल्ली करून मागायला. एकाला तर मी कपडे दाखवले, तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण किल्लीवाला गेला कुठे?"

बाराव्या दिवशी सकाळी एक जाडजूड माणूस आला आणि दारालगतच्या खुंटीवरचा लांब शेवाळी ड्रेस मागितला. मी माप विचारले. तो म्हणाला, "असू दे, असू दे, हाच द्या." त्यानंतर रोज एक-दोन गिऱ्हाईक येऊ लागले. बहुतेकांनी दारालगतचा शेवाळीच उचलला. पडद्यामागे कोणी गेले नाही. रंग जाईल का, असे कोणी विचारले नाही. घासाघीस कोणी केली नाही, बदलून मागायला कोणी परत आले नाही. याला एक बाई अपवाद आहे, तिचे शेवटी सांगते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला वाटले, माझी निवड लोकांना आवडली. माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी. रात्री जेवताना मी आज काय काय गेले ते सांगत असे. वहिनी कौतुकाने विचारायची. दादा ताटाकडे बघून जेवायचा.

शेवाळी रंग चालतो असे समजून मी चार डझन शेवाळी ड्रेस आणखी मागवले. ते परवा आले. गेल्या सोमवारी कारखान्यात राजीनामा दिला. माझ्या मशीनवर दुसरी बाई बसलीसुद्धा.

आज दुकान उशिरा उघडायचे ठरवून सकाळी सव्वादहाला नव्या मालाच्या मांडणीसाठी दोन फळ्या मागायला मी दादाच्या कारखान्यात गेले. दारात एक माणूस कपाटाला पॉलिश करत होता. हातातल्या कापडाने तो जास्तीचे पॉलिश पुसत होता. ते कापड म्हणजे माझा शेवाळी ड्रेस होता. दुकानातल्या प्रत्येक ड्रेसच्या बाहीला मी घरी एक टाका जास्तीचा घातलेला आहे, त्यावरून ओळखला. मग माणूसही ओळखला. माझे पहिले गिऱ्हाईक. तो म्हणाला, "ताई, माझा काही दोष नाही हो. मालक म्हणाले दुकानात जा, मी गेलो. मालक म्हणाले जुनं कापड पोत्यात आहे, मी घेतलं."

पोते माळ्यावर होते. मी शिडी लावून चढले आणि पोते तिथूनच खाली उलटे केले. सगळा माझा माल. किमतीच्या चिठ्ठ्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. तेवढ्यात दादा आला. आमचे बोलणे असे झाले:

"बेबी, आधी खाली उतर, पडशील."

"हे काय आहे?"

"अगं, पहिले दहा-बारा दिवस तुझं तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, बोहनी तरी होऊ दे."

"बोहनी तीन महिने चालते का रे?"

"थांबवणारच होतो. पण तू जेवताना एवढी खुलून सांगायचीस, माझा धीरच होईना."

"मग मी राजीनामा दिला, तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस!"

त्याने शिडी धरली. मी खाली उतरले आणि पॉलिशचा डबा उचलून त्या कपाटावर ओतला. कपाट आज गिऱ्हाइकाकडे जायचे होते असे नंतर कळले. आरडाओरडा ऐकून शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याने ठाण्यात फोन केला, तेव्हा मी पोते रिक्षात घालून इकडेच निघाले होते.

साहेबांनी विचारले, "बाई, माल विकला गेला, पैसे मिळाले. मग तक्रार कसली?" माझे म्हणणे असे की, मला कलम माहीत नाही. ते शोधणे तुमचे काम आहे. मला तीन महिने खोटी गिऱ्हाइके पुरवून वेड्यात काढले गेले. त्या भरवशावर मी हातची नोकरी सोडली आणि आता भिंतभर शेवाळी घेऊन बसले आहे. साहेब म्हणाले, "भाऊ आहे, जीव आहे म्हणून केलं." जीव आहे हे मला माहीत आहे. लिहायचे तर लिहा. त्याखाली हेही लिहा, की शाळेत माझी चित्रे हाच काढून द्यायचा आणि बक्षिसे मला मिळायची. मला आजही साधा आंबा काढता येत नाही. माझा जीव जळतो तो याचा.

पोत्यातले कपडे महिला शिपायांनी बाकावर मांडले. कोणता कपडा कधी गेला हे मला वही न बघता सांगता येते. पॉलिशने खराब झालेला धरून सगळे जुळले. विकलेल्यांपैकी एक मात्र पोत्यात नव्हता. निळ्या रेघांचा शर्ट, बेचाळीस नंबर. महिला शिपायांनी विचारले, "मग तो कुठे गेला?" मी पाणी मागून घेतले.

तो शर्ट एका बाईने नेला. साधारण पन्नाशीची, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिने तासभर सगळे फडताळ खाली काढायला लावले, शिवण उलटी करून पाहिली, भाव पाडून मागितला. वडिलांसाठी चाळीस नंबर नेला. दुसऱ्या दिवशी परत आली, काखेत घट्ट होतो, त्यांचा हात वर जात नाही. बेचाळीस दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली, बाह्या लांब होतात. तेव्हा मी म्हणाले, "ओ बाई, दुकान आहे की खेळ मांडलाय? इथं माणसं न बघता उचलून नेतात, तुमचेच काय जगावेगळे नखरे!" ती म्हणाली, "बरं, राहू दे. दुमडून घालतील." शर्टाची घडी नीट करून पिशवीत ठेवली आणि गेली. पुन्हा आली नाही.

भावाविरुद्ध तक्रार ठेवायची की काढायची, ते उद्या सांगते. कपाट खराब केले ते कबूल आहे, होईल ती भरपाई देईन. पण वर सांगितलेली बाई कोणाच्या पाहण्यात आली, तर तिला निरोप द्यावा. तिने तो शर्ट घेऊन यावे. बाह्या आखूड करणे माझ्या हातचे काम आहे, अर्ध्या तासाचे. दुकान रोज दहाला उघडते, उद्याही उघडेल.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. 'पॉलिश सांडले' असे होते तिथे 'ओतले' करून घेतले. चष्म्याच्या बाईचा भाग मी पुन्हा एकदा वाचायला लावला. तो बरोबर आहे. बाकीचाही बरोबर आहे.