कपाटालाही विचारू दे

मुलांनो, असं समजा की तुम्ही नाशिकरोडच्या सिटीबसमध्ये बसला आहात. पुढच्या सीटवर दहा वर्षांची तेजस्विनी आहे, शेजारी तिची आई पेंगते आहे. मागे हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणारी राखीताई आणि तिच्या हाताखालचा नवनाथ बोलत आहेत.

"ताई, सकाळी मी तपासायला बसलो. उद्या सगळं चालू व्हायचं, आणि वॉचमनच्या नावानं लॉगिन केलं तर पेशंटांचे रिपोर्ट उघडले."

"कारण रिपोर्ट ठेवणारा सर्व्हर तू परवानगीच्या यंत्रणेत, म्हणजे कुणाला काय उघडता येईल ते ठरवणाऱ्या व्यवस्थेत, नोंदवलाच नव्हतास. मग तो विचारणार कुणाला?"

"मला वाटलं, लॉगिन झालं म्हणजे माणूस आपलाच."

"घरी आलेला पाहुणा कपाट उघडतो का?"

"माझा मेहुणा उघडतो."

"मग कपाटालाही विचारायला शिकव, की याला मुभा आहे का."

"शिकवलं ना. आता वॉचमनला फक्त गेटची नोंद दिसते आणि डॉक्टरांना त्यांच्याच पेशंटांचे रिपोर्ट."

"त्याआधी कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही. दोनदा तपासलं."

"सुटलो रे बाबा आपण. आण ते शेंगदाणे इकडे."

तेवढ्यात आईच्या मोबाईलवर मावशीचा मेसेज आला. मागचं बोलणं ऐकत बसलेल्या तेजस्विनीला पिन पाठ होता, पण तिनं तो टाकला नाही. तिनं आईला हलवून जागं केलं आणि मोबाईल तिच्या हातात दिला.